मनोरुग्ण बंद्यांचे पुनर्वसन (बंगळुरू)

तुरुंगातून सुटलेल्या मनोरुग्णाला औषधोपचार, निवारा, काम आणि हक्काची माणसे मिळवून देऊन समाजात पुन्हा स्थिरावण्यास मदत करण्याची प्रक्रिया. प्रश्न किती मोठा आहे, हे बंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या पाहणीतून दिसले. ‘माइंड्स इम्प्रिझन्ड’ (२०११) या अहवालानुसार ५,०२४ बंद्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना मानसिक आजार किंवा व्यसन होते. व्यसने वगळली तरी प्रमाण २७.६ टक्के भरले.

गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून कोणालाही तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. तरीही मनोरुग्ण ठरवलेले आसामचे माचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले ते २००५ मध्ये सुटले. कागद पुढे सरकवणारे कोणी नव्हते.

कायदा तसा तोकडा नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र हवे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. घरच्यांनी नाकारले एवढ्यावरून रुग्णाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. खरी अडचण येते ती कारागृहाच्या फाटकापाशी. मनोरुग्ण आरोपीचा ताबा नातेवाइकाकडे किंवा स्नेह्याकडे देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे, पण त्यासाठी कोणीतरी हमी घ्यावी लागते. जो घरालाच नकोसा झाला, त्याच्यासाठी ती कोण घेणार? सुटकेचा आदेश संध्याकाळी आला, तर माणूस कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर पडतो; आजाराचे कागद आतच राहतात आणि गोळ्यांत खंड पडतो. स्किझोफ्रेनियात असा खंड आजार उलटण्याचे मोठे कारण असते. म्हणून सुटकेची तयारी आधीच व्हायला हवी: महिन्याभराच्या गोळ्या, गावाजवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी, घरच्यांशी बोलणे.

ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी संक्रमणगृहे असतात. बंगळुरूत मेडिको-पास्टोरल असोसिएशन आणि रिचमंड फेलोशिप यांनी ती चालवली आहेत. रहिवासी तिथे स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब आणि वेळेवर औषध घेणे पुन्हा अंगवळणी पाडतात. अशा जागा गरजेच्या मानाने फारच थोड्या आहेत, आणि त्यांतही गुन्ह्याचा शिक्का बसलेल्याला दार उघडणे अवघडच.

निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली २०२२ पासून चालणारी ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. सुटून आलेल्यांचे कुटुंबीयही तिथे सल्ला घेऊ शकतात.