सैनिकांची पत्रे, सातारा–सांगली

सातारा व सांगली या भागांतून पहिल्या (१९१४–१८) आणि दुसऱ्या (१९३९–४५) महायुद्धात गेलेले सैनिक आणि त्यांची घरची माणसे यांच्यातील पत्रव्यवहार. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ गावात शिला उभी आहे, आणि गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते.

घडण : बहुतेक सैनिकांना लिहितावाचता येत नसे. पलटणीतला एखादा साक्षर सोबती पत्र लिहून देई आणि गावी ते दुसऱ्याच कोणाकडून वाचून घ्यावे लागे. हस्तलेखन बहुधा मोडीत होई. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘वि. वि.’ असा मायना ठरलेला. मजकुरात पीकपाणी, बैलजोडी, कर्ज, आजारपण. पत्नीला उद्देशून थेट लिहिण्याचा रिवाज नसल्याने तिची विचारपूस ‘घरची सर्व मंडळी’ या शब्दांत सामावून जाई. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळीही खुशालीच्या पत्राचेच काम करीत. कोपरा फाडलेले कार्ड आले की ते वाचण्याआधीच मृत्यूची बातमी कळे.

तपासणी : भारतीय फौज सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. त्यानंतर लवकरच तिच्या टपालाची तपासणी सुरू झाली. कॅप्टन हॉवेल हे या तपासणीचे प्रमुख होते. निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन अहवालांत जात. सैनिकांनाही याची कल्पना होती. ‘काळी मिरी’ म्हणजे भारतीय शिपाई आणि ‘लाल मिरी’ म्हणजे गोरे, असे संकेत काही पत्रांत आढळतात. जखमींपैकी अनेकांना इंग्लंडला नेले जाई. ब्रायटनचा राजवाडा १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत त्यांचे रुग्णालय होता आणि तेथूनही पत्रे मायदेशी येत.

तपासणीच्या या अहवालांत पंजाबी सैनिकांचा आवाज मोठा आणि मराठी आवाज क्षीण आहे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता दलातले मराठे फ्रान्समध्ये लढले. मात्र १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कूट येथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात पडलेल्या वेढ्यात त्या सापडल्या. टपाल बंद पडले. बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः बिनतारी यंत्रापुरता उरला आणि शरणागतीनंतर हजारो सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. गावी वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला आलेले ते मौन हाही या पत्रव्यवहाराच्या इतिहासाचा भाग मानला पाहिजे.

दुसरे महायुद्ध : मराठा पलटणी एरिट्रियातील केरेन (१९४१) आणि पुढे इटलीत लढल्या. फिल्मवर छोट्या आकारात उतरवून मुक्कामी पुन्हा मोठ्या केलेल्या ‘एअरग्राफ’ पत्रांची सोय याच युद्धातली. टपालाची तपासणी आता घरच्या महागाईचा व राजकारणाचा सैनिकांच्या मनावरील परिणामही टिपू लागली. साताऱ्यात याला वेगळेच वजन होते. कारण ज्या मुलखातून सरकारच्या फौजेत जवान जात होते, त्याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार (१९४३–४६) त्या सरकारशी लढत होते.

महत्त्व : पहिल्या महायुद्धातच व्हेरा ब्रिटन आणि रोलंड लेटन हे साहित्यप्रेमी इंग्रज तरुण एकमेकांना पत्रे लिहीत होते. रोलंड डिसेंबर १९१५ मध्ये मरण पावला. पण दोघांचे शब्द त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच भाषेत मागे राहिले. साताऱ्याच्या शिपायाचे शब्द मात्र लिहिणारा, तपासणारा, भाषांतर करणारा आणि वाचून दाखवणारा अशा चार जणांच्या हातून गेले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील अहवालांत त्याचे बोलणे भेटते ते इंग्रजीत, तेही तुकड्यांत. म्हणून एखाद्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आजही मूळ मोडी पत्र निघाले, तर त्याचे मोल फार मोठे आहे. त्याचे पाकीट, शिक्का आणि कुपनही त्याच्यासोबतच जपावे. मायन्यात न मावलेली बरीचशी हकीकत त्यांवर असते.