मागच्या चाकाची स्प्रिंग

आष्टीचे नाव निघाले की जाणत्या माणसाला १६ ऑगस्ट १९४२ची नागपंचमी आठवते. आज मात्र त्या इतिहासाला हात लावत नाही. आज सांगायचे आहे ते एका स्प्रिंगबद्दल. हसू नका, या स्प्रिंगवरून आमच्या घरात तीन दिवस अबोला होता.

झाले असे. नातवाची सायकल 'डबल शॉकअप'ची आहे. जाड टायर, वाकडीतिकडी फ्रेम आणि सीटच्या खाली तिरपी बसवलेली लाल रंगाची जाडजूड स्प्रिंग. दीड वर्षात ती करकरायला लागली आणि मागचे चाक डावी-उजवीकडे डुलायला लागले. नातू म्हणाला, "आबा, नवीन भारी शॉकअप मागवू." मी म्हणालो, "कशाला? तिथे लोखंडी दांडी वेल्ड करून टाकू. आम्ही कुठे शॉकअपवर फिरलो?" त्यावर पोरगा म्हणाला, "म्हणूनच तुम्ही कमरेला पट्टा बांधता ना."

मी गप्प झालो. राग आला होता हे खरे, पण बोलणे खोटे नव्हते. नोकरीची पहिली अकरा वर्षे मी आष्टीहून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत रोज सायकलने जात-येत असे. रस्ता गिट्टीचा, पावसाळ्यात काळ्या मातीचा. डॉक्टर म्हणतात वयोमानाने मणका झिजतो. म्हणत असतील. मला मात्र कंबर दुखली की तो रस्ताच आठवतो.

सवय जात नाही म्हणून वाचायला बसलो. दोन-तीन रात्री नातवाच्या मोबाइलवर आणि माझ्या जुन्या पुस्तकांत गेल्या. तेव्हा कळले की 'आम्ही कुठे शॉकअपवर फिरलो' हे माझे वाक्यच चुकीचे होते.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पेडलवाली पहिली सायकल लोकप्रिय झाली. चाके लाकडाची, वर लोखंडी धाव, म्हणजे आपल्या बंडीसारखीच. इंग्रजांनी तिला नाव ठेवले 'बोनशेकर', हाडे खिळखिळी करणारी. तिच्यावर सुद्धा सीट एका लांब पोलादी पट्टीवर बसवलेली असे, ती पट्टी लवत असे. १८८५ साली लंडनच्या लिन्ले आणि बिग्ज या कारखान्याने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली. तिची सीट, हँडल आणि पेडल एका चौकटीत पक्के, आणि ती सगळी चौकटच स्प्रिंगवर टांगलेली. म्हणजे नातवाच्या सायकलीची पणजीच म्हणायची.

मग ती कल्पना गेली कुठे? १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. झाले! हवेनेच निम्मे काम केले आणि स्प्रिंगांच्या चौकटी अडगळीत गेल्या. (याच डनलपचे नाव पुढे आपल्या रबरी चाकांच्या बैलगाड्यांना चिकटले. त्या गाडीला लोक 'डनलॉप'च म्हणायचे.) उरल्या त्या सीटखालच्या दोन गोल स्प्रिंगा. माझ्या सायकलीच्या चामडी सीटखाली त्या होत्याच. दर दिवाळीला त्यांना खोबरेल तेलाचे बोट लावत असे, पण त्यांना शॉकअप म्हणतात हे कधी डोक्यात आले नाही.

तेव्हापासून सुमारे शंभर वर्षे सायकल तशीच राहिली. मधे १९६२ साली अॅलेक्स मोल्टन यांनी इंग्लंडमध्ये लहान चाकांची, रबराच्या ठोकळ्यांवर तरंगणारी सायकल काढली, ती खूप गाजली. पण डोंगरातल्या सायकलीचा जन्म अमेरिकेतला. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही पोरे जुन्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटायची. मागचा ब्रेक हबमध्ये असायचा. तो इतका तापे की ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाने त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. दुरुस्तीवरून नाव पडलेली दुसरी शर्यत मला माहीत नाही.

पुढच्या चाकाला तेलाचा शॉकअप लागला १९८९च्या सुमारास, रॉकशॉक्स कंपनीचा. मागच्याला मात्र अडचण होती. मागे साखळी आहे. पेडल मारले की साखळी मागचे चाक ओढते, त्या ओढीने स्प्रिंग दबते आणि पायातले बळ रस्त्याऐवजी स्प्रिंगमध्येच जाते. हॉर्स्ट लाइटनर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९९०च्या दशकाच्या आरंभी मागच्या आसाच्या थोडे पुढे एक सांधा घातला, तेव्हा कुठे हा गुंता सैल झाला.

पण मला खरी गोष्ट कळली ती यात नाही. कळली ती बसस्टँडजवळच्या मिस्त्रीकडे. तो मोटारसायकलींचे शॉकअप उघडतो. ऑइल सील बदलतो, तेल भरतो, बुश ठोकतो. ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. १९६१ साली गॅब्रियल इंडिया निघाली आणि मुलुंडला मोटारींचे शॉकअप बनू लागले, पुढे औरंगाबादच्या एन्ड्युरन्सने दुचाकींसाठी ते केले. गावोगावचे मिस्त्री त्यांच्यावरच हात बसवत शिकले. आमच्या मिस्त्रीने नातवाची सायकल उलटी केली, दोन बोल्ट काढले आणि शॉकअप माझ्या हातात दिला.

"सर, यात तेलच नाही जी. नुसती स्प्रिंग अन् दांडी."

मग त्याने समजावले. स्प्रिंग धक्का खात नाही, उधार ठेवते आणि लगेच परत करते. खड्ड्यात गेलो की दबते, वर आलो की उडवते. धक्का खरोखर खातो तो तेलाचा भाग. दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांतून जाते, विरोध होतो आणि धक्क्याची उष्णता होऊन संपते. महागड्या शॉकअपमध्ये ते तेल असते, शिवाय दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन. ते घरी उघडायचे नाही, अंगावर उडेल. आणि त्यांनाही दुरुस्ती लागतेच. रॉकशॉक्स स्वतःच सांगते की हवेच्या डब्याची सफाई दर पन्नास तासांनी करा. म्हणजे भारी मागवले तरी महिन्या-दोन महिन्यांनी कोणाकडे जायचे? नागपूरला?

स्प्रिंगवर ७५० छापलेले होते. म्हणजे एक इंच दाबायला ७५० पौंड लागतात. नातू चाळीस किलोचा. मिस्त्रीने पाटीवर हिशेब मांडला (मीही बी.ए.चाच, पण त्रैराशिक येते). मागच्या चाकावर साधारण चोवीस किलो, तरफेमुळे शॉकअपवर त्याच्या अडीचपट, म्हणजे साठ किलो, १३२ पौंड. स्प्रिंग दबणार साडेचार मिलिमीटर. जागा तीस मिलिमीटरची. माणूस नुसता बसला की पाव भाग दबली पाहिजे, म्हणजे साडेसात. त्यासाठी साडेचारशेची स्प्रिंग हवी. पोरगा दीड वर्ष लाल रंगाचे ओझे घेऊन फिरत होता! वरचा नट फिरवला की स्प्रिंग मऊ होते असे नातवाला वाटे. ती मऊ होत नाही, फक्त आधीच दाबून ठेवली जाते.

आणखी एक. लांबी मोजायची ती एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत. याची १५० मिलिमीटर होती. दिसायला चांगला म्हणून लांब शॉकअप घातला की सायकल मागून उचलली जाते, आखूड घातला तर टायर फ्रेमला घासतो. इंटरनेटवर नातवाने पसंत केलेला १९०चा होता.

शेवटी नवा शॉकअप आला नाही आणि दांडीही वेल्ड झाली नाही. चाकाचे डुलणे स्प्रिंगमुळे नव्हतेच, मागच्या सांध्यातले दोन बुश झिजले होते. मिस्त्रीने ते पितळेचे खरादून बसवले, ग्रीस भरले आणि अमरावतीहून ४५० ची स्प्रिंग मागवली. तेल नसल्याने थोडी उसळी राहणार, हे त्याने आधीच सांगितले. नातू गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "आबा, बसून पाहा."

पट्टा बांधून मी बसलो. स्प्रिंग नको तितकी दबली. मिस्त्रीने जुनी लाल स्प्रिंग फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवली. "सर, हे तुमच्या मापाची व्हती."