मसुला
मसुला : मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर जहाज आणि वाळू यांच्यामध्ये माणसांची व मालाची ने-आण करणारी, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेली, सपाट तळाची नाव. आजच्या चेन्नईतील जॉर्ज टाउन, म्हणजे पूर्वीचे ब्लॅक टाउन, या व्यापारी पेठेच्या पूर्वेला जिथे आता बंदराची भिंत आणि राजाजी सालई आहे, तिथल्या वाळूवर या नावा लागत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मद्रासला समुद्रमार्गे आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस, तो गव्हर्नर असो की शिपाई, शेवटचे मैल-दोन मैल मसुल्यातूनच आला. घोडे, कापडाचे गठ्ठे आणि दारूची पिंपेही तशीच आली.

मसुल्याची गरज का पडली, हे जहाजाच्या एका मापातून कळते. ते माप म्हणजे ड्राफ्ट : पाण्याच्या रेषेपासून तळकण्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर, सोप्या शब्दांत जहाज किती बुडते ते. कोकणात या मापाची अडचण भरती सोडवते. भरतीबरोबर गलबत खाडीत शिरते, ओहोटीला चिखलात बसते, माल उतरतो, पुढच्या भरतीला ते पुन्हा तरंगते. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते, मद्रासला जेमतेम एक मीटर. शिवाय तिथे खाडी नाही, आडोशाचे बेट नाही, आणि कूम नदीचे मुख वाळूने बुजलेले असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या जहाजाचा ड्राफ्ट वीस फुटांच्या वर असे. अशी जहाजे कंपनीच्या मद्रासच्या किल्ल्यापासून सुमारे दोन मैलांवर, सात ते नऊ वाव पाण्यात नांगर टाकत. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर. इंग्रजी फॅदमही मुळात तेच, आणि ते ६ फुटांवर ठरवले गेले. दोन दूरच्या भाषांनी खोली मोजायला माणसाची तीच मिठी वापरावी, यात नवल नाही : खोली मोजायची दोरी वर ओढणारा खलाशी ती हातांनीच मोजत येतो.

जहाजाच्या आणि वाळूच्या मधल्या पट्टीत लाटांच्या रांगा फुटत, आणि जहाजाच्या स्वतःच्या होड्या तिथे निकामी ठरत. कारण त्यांच्या बांधणीत होते. युरोपीय होडीला खाली कणा असतो (कोकणातले सुतार त्याला पठाण म्हणतात), त्यावर फासळ्या, आणि फासळ्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या. हा सांगाडा ताठ असतो. लाटेने तो वाळूवर आपटला की खिळा फळी फाडतो. मसुल्यात कणा जवळपास नाहीच आणि फासळ्याही नाहीत. रुंद फळ्यांच्या कडांना भोके पाडून, सांध्यावर काथ्याची किंवा गवताची वळकटी ठेवून, फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवत. नाव वाळूला लागली की सगळा डोलारा लवतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर येतो. सांध्यांतून पाणी झिरपणे गृहीतच धरलेले असे, म्हणून एक माणूस सतत पाणी उपसत राही. टॉमस बॉवरी या इंग्रज दर्यावर्दी व्यापाऱ्याने १६६९ ते १६७९ या काळातील बंगालच्या उपसागराच्या वर्णनात या शिवलेल्या नावांची नोंद केली आहे.

जॉन एडी या जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ मध्ये या किनाऱ्यावरील नौकांवर निबंध छापला. त्याने दिलेली मसुल्याची मापे अशी : लांबी ३० ते ३५ फूट, रुंदी १० ते ११ फूट, आतली खोली ७ ते ८ फूट. लांबी रुंदीच्या जेमतेम तिप्पट, म्हणजे वेगाच्या दृष्टीने नाव अगदीच बेढब. पण तिला वेग नकोच होता. रुंदीने ती लाटेवर तोलून राही. उंच बाजू तिला फ्रीबोर्ड देत. फ्रीबोर्ड म्हणजे पाण्याच्या रेषेवर उरलेली बाजू, ज्यामुळे फुटणारी लाट आत येत नाही. सपाट तळामुळे ड्राफ्ट इतका थोडा राही की ती थेट वाळूपर्यंत येई. मोठे जहाज पाण्याखाली जितके खोल, तितकी त्याला किनाऱ्याशी जोडणारी नाव उथळ, असे हे जोडमाप आहे.

याच मापांवर लंडनचे सूत्र चालवून पाहणे मनोरंजक ठरते. १७७३ पासून इंग्लंडात जहाजाचा टनभार काढण्याचा नियम असा होता : लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचे, आणि ९४ ने भागायचे. ३२ फूट लांब, साडेदहा फूट रुंद मसुला या हिशेबात सुमारे १५ टनांचा निघतो. खोली मोजायचीच नाही, ती रुंदीच्या निम्मी धरायची, अशी या सूत्राची मेख होती, कारण माल भरलेल्या जहाजाची खोली मोजणे अवघड. मसुल्याची खोली तर निम्म्या रुंदीहून दोन-अडीच फूट जास्त, आणि ती माल भरण्यासाठी नव्हे, लाट अडवण्यासाठी. लाटा ओलांडताना नाव हलकी ठेवावी लागे, त्यामुळे सूत्रातला आकडा कागदावरच राहिला. टन हे माप मुळात दारूच्या मोठ्या पिंपाचे. जहाजात अशी किती पिंपे मावतात यावरून ते जहाजाला चिकटले. आपल्याकडे गलबताचे मान खंडीत सांगत, म्हणजे धान्यावरून. आजचा ग्रॉस टनेज हा आकडा १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजातील एकूण बंदिस्त जागेवरून काढतात. तो करार २४ मीटरहून आखूड नौकांना लागू नाही, त्यामुळे मसुला तिथेही हिशेबाबाहेरच.

वल्हवणारे साधारण बारा असत, दोन रांगांत बसलेले. वल्हे म्हणजे बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेली पंख्यासारखी फळी. मागे उभा तांडेल लांब वल्ह्याने दिशा धरी. कसोटी असे ती त्याच्या डोळ्याची. सर्वात बाहेरच्या लाटेपाशी नाव थांबवून तो मागे पाहत राही, मोठ्या लाटा निघून गेल्या की ओरडे, आणि बाराही जण एका दमात वल्ही मारत. मागून लाट अंगावर येऊ लागली तर वल्ही उलटी मारून तिला पुढे जाऊ द्यायचे. सर्वात मोठे भय नाव आडवी होण्याचे. लाटेच्या पाठीवर नाव एकदा आडवी झाली की तिची रुंदीही कामी येत नाही. वाळूला लागताच नावाडी पाण्यात उड्या टाकून तिला धरून ठेवत आणि उतारूंना खुर्चीत किंवा खांद्यावर बसवून कोरड्यात पोचवत. प्रवाशांनी या क्षणाचे वर्णन पुष्कळ केले आहे. नावाड्यांचे म्हणणे मात्र कुणी फारसे लिहून घेतले नाही. त्यांची मोठी वस्ती जॉर्ज टाउनच्या उत्तरेला रॉयपुरमला होती, आणि तिथले सेंट पीटर चर्च त्यांच्याच निधीतून उभे राहिले.

मसुल्याच्या बरोबर बहुधा कट्टुमरम असे. तमिळ कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. तीनेक हलके ओंडके दोरीने बांधले की ते तयार, आणि काम झाल्यावर दोरी सोडून ओंडके वाळत घालायचे. एडीने त्याची लांबी २० ते २५ फूट आणि रुंदी अडीच ते साडेतीन फूट दिली आहे. त्याला फ्रीबोर्ड नाही, लाट त्यावरून सरळ जाते, म्हणून ते बुडतही नाही. मसुला उलटला तर माणसे वेचायला आणि मसुल्यालाही जाता येणार नाही अशा दिवशी जहाजापर्यंत चिठ्ठ्या पोचवायला ते उपयोगी पडे. चिठ्ठ्या कोरड्या राहाव्यात म्हणून कट्टुमरमवाले त्या डोक्यावरच्या टोकदार चटईच्या टोपीत ठेवत. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ च्या प्रवासग्रंथापासून कट्टुमरम हा शब्द इंग्रजीत कॅटमरान म्हणून स्थिरावला. पुढे १८७६ मध्ये अमेरिकेत नथॅनिएल हेरेशॉफने दोन तळ जोडलेली शर्यतीची नौका बांधली, आणि जगभर कॅटमरान म्हणजे जोडनौका असा अर्थ रूढ झाला. मद्रासच्या कट्टुमरमला मात्र दोन तळ कधीच नव्हते.

मसुला हा शब्द कुठून आला यावर मतभेद आहेत. १८०३ मध्ये मद्रासला उतरलेला स्कॉटिश वैद्य आणि भाषापंडित जॉन लेडन याने तो माशाच्या मराठी नावाशी जोडला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ही सूचना नोंदवून मराठी रूप मासोळी असल्याचे स्पष्ट केले आहे. ऐकायला गोड असले तरी तमिळ-तेलुगू किनाऱ्यावरच्या नावेला मराठी नाव मिळावे याला दुसरा आधार दिसत नाही. स्थानिक तमिळमध्ये अशा नावेला पडगु म्हणतात, आणि कोकणातल्या पडावाशी तो शब्द अधिक जवळचा वाटतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किल्ल्यावरचा बावटा उतरवत आणि जहाजांनी मद्रासच्या पाण्यात थांबू नये अशी अपेक्षा असे. उघड्या पाण्यात वादळ आले तर नांगराची दोरी सोडून खोल समुद्रात पळणे हाच दर्यावर्दीचा उपाय. ऑक्टोबर १७४६ मध्ये मद्रास नुकतेच जिंकलेल्या फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याच्या ताफ्याची अशाच वादळात वाताहत झाली.

मसुल्याची सद्दी बंदराने संपवली, पण हळूहळू. १८६० च्या दशकाच्या आरंभी लोखंडी धक्का समुद्रात नेला गेला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बंदराची कोनशिला बसली. बांध पुरे होत आले असताना नोव्हेंबर १८८१ च्या वादळाने ते मोडले. दुरुस्तीनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी बंदराचा प्रमुख फ्रान्सिस स्प्रिंग याच्या कारकिर्दीत बंदराचे तोंड पूर्वेकडून ईशान्येकडे वळवले गेले. उत्तरेकडे सरकणारी वाळू बांधाच्या दक्षिणेला अडून तिथला मरीना किनारा रुंद झाला आणि रॉयपुरमकडचा किनारा झिजू लागला. शिवलेल्या नावा पुढे मासेमारीत, ओढजाळ्यासाठी राहिल्या. १९७९ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या बे ऑफ बेंगॉल या मासेमारीविषयक कार्यक्रमाने लाटांतून वाळूवर उतरणाऱ्या इंजिनाच्या होड्यांचे प्रयोग केले, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर फायबरच्या होड्यांनी कट्टुमरमचीही जागा मोठ्या प्रमाणावर घेतली.