पेणची गल्ली, हार्वर्डची गच्ची

पेणला गणपतीत गल्लीत स्पीकर लागला की तो नेमका कुठे वाजतोय, कळतच नाही. आवाज भिंतींवर आपटून परत येतो ना! स्टीव्हन्स आणि न्यूमन या हार्वर्डच्या संशोधकांनाही हाच त्रास होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी ऐकणाऱ्याला चक्क गच्चीवर उंच खुर्चीत बसवलं आणि फिरत्या दांड्यावर स्पीकर लावला. दिशा ओळखताना सर्वाधिक चुका ३००० हर्ट्झच्या आसपास झाल्या.

गच्चीचं काम आता आवाज शोषणाऱ्या भिंती करतात. रोह्याच्या आजोबांची श्रवणयंत्रासकट तपासणी अशाच खोलीत झाली, हेडफोनऐवजी स्पीकरवर. यंत्र तपासायचं तर आवाज हवेतूनच यायला हवा! तोपर्यंत मी आजोबांवर नुसताच ओरडत होतो. आवाज मोजूनही देता येतो, हे जरा उशिराच कळलं.