बेरीज चुकली तेव्हा: लिनक्स आणि २००८ मधील मुकी झालेली नेटवर्क कार्डे

संगणक सुरू झाला की कर्नल प्रत्येक उपकरणाला त्याचा ड्रायव्हर नेमून देते. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला त्या पहिल्या क्षणांतच एक निवाडा करावा लागतो: समोरचे हार्डवेअर विश्वासार्ह आहे काय? आज केरळच्या शाळांतील संगणकांपासून ‘परम’ महासंगणकांपर्यंत जे लिनक्स कर्नल वापरले जाते, त्याच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो २००८ साली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये २.६.२७ या आवृत्तीची चाचणी सुरू होती. मदरबोर्डवरच बसवलेल्या इंटेलच्या गिगाबिट इथरनेट चिप ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर चालत. काही परीक्षकांच्या संगणकांतील ही चिप एकाएकी नाहीशी झाली. जुन्या कर्नलवर परत जाऊनही ती दिसेना. बिघाड प्रोग्रॅमपुरता राहिला नव्हता. चिपची ओळख आणि मांडणी ज्या स्थायी स्मृतीत लिहिलेली असते, तीच विस्कटली होती. चिप मदरबोर्डचाच भाग असल्याने कार्ड काढून दुसरे लावण्याचीही सोय नव्हती.

हे नुकसान ड्रायव्हरला कळत होते. त्या स्मृतीतील पहिल्या ६४ शब्दांची, प्रत्येकी १६ बिटांच्या संख्यांची, बेरीज केली की शेवटच्या १६ बिटांत ४७,८०२ हीच संख्या उरली पाहिजे, असा संकेत आहे. सोळा-आधारी लेखनात ही संख्या चक्क ‘बाबा’ अशी वाचता येते; अभियंत्यांचा मिस्कीलपणा असा कोपऱ्यात दडलेला असतो. वीजबचतीच्या व्यवस्थेमुळे काही यंत्रांवर पहिले वाचन चुकू शकते, म्हणून ई१०००ई हा पडताळा तीनदा करून पाहतो. तिसऱ्यांदाही बेरीज जुळली नाही, तर तो त्रुटीचा संदेश नोंदवतो, आतापर्यंत घेतलेली साधने उलट्या क्रमाने परत करतो आणि उपकरण सोडून देतो.

नियम म्हणून हे निर्दोष आहे. चुकीच्या मांडणीवर चिप चालवणे धोक्याचेच. परंतु ड्रायव्हरने उपकरण नाकारले की नेटवर्क इंटरफेस निर्माणच होत नाही, आणि ‘ईथटूल’ या ज्या साधनाने स्मृती दुरुस्त करायची, ते त्या इंटरफेसमार्फतच चिपपर्यंत पोचते. रोगी गंभीर आहे म्हणून दवाखान्याचेच दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार. याच कुळातील जुन्या ‘ई१०००’ ड्रायव्हरने अधिक शहाणी वाट काढली होती. बेरीज चुकल्यास तो कार्डाचा पत्ता शून्यांनी भरतो. असा पत्ता वैध नसल्याने नेहमीची वाहतूक थांबते. मात्र इंटरफेस शिल्लक राहतो आणि दुरुस्ती शक्य होते.

संशय प्रथम ड्रायव्हरवरच गेला, पुढे ग्राफिक्सच्या व्यवस्थेवरही. उबुंटूसारख्या वितरणांनी चाचणी आवृत्त्यांतून तो ड्रायव्हर तात्पुरता बंद केला. खरा दोषी मात्र नेटवर्कशी काडीचाही संबंध नसलेला निघाला: ‘एफट्रेस’ ही कर्नलच्या अंतर्गत हालचालींचा माग घेणारी नवी सोय. फंक्शनांच्या आरंभी असलेल्या खुणांचे पत्ते ती टिपून ठेवी आणि थोड्या वेळाने त्या जागी निष्क्रिय सूचना लिही. दरम्यान एखाद्या मॉड्यूलचा केवळ आरंभी लागणारा भाग स्मृतीतून मोकळा होई आणि तोच पत्ता नेटवर्क चिपच्या स्थायी स्मृतीला जोडला जाई. एफट्रेस आंधळेपणाने लिहीत नव्हती. अपेक्षित मजकूर तिथे आहे ना, हे ती आधी तपासत असे. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची ‘तुलना करून बदल’ ही सूचना तुलना फसली तरी जुने मूल्य पुन्हा लिहून टाकते. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या स्मृतीत मात्र ते एक खरेखुरे लेखन ठरले.

ऑक्टोबरमध्ये इंटेलने ड्रायव्हरला कुलूप जोडले: तो सुरू होताच चिपच्या त्या स्मृतीवर लेखनबंदी घालतो, आणि ही बंदी उठवायची तर संगणकाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. त्याच महिन्यात आलेल्या २.६.२७.१ आवृत्तीत एफट्रेसचा तो गतिशील भाग बंद ठेवण्यात आला. पुढे त्याची रचना बदलून खुणांची नोंद कर्नल बांधतानाच करण्यात येऊ लागली. तीनदा पडताळून नकार देण्याची ई१०००ईची रीत त्यानंतरही कायम राहिली.