राखणदार का भुंकला?

काही वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातल्या एका कार्यालयातला सर्व्हर बिघडला. तो सुरू होई आणि काही मिनिटांतच आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दूरनियंत्रण यंत्रणेच्या नोंदीत दर वेळी एकच ओळ असे : वॉचडॉग टायमरची मुदत संपली. ‘मग तो वॉचडॉगच बंद करा,’ असा सल्ला कुणीतरी दिला. आम्ही म्हटले, थोडे थांबू. हा राखणदार कुत्रा मुळात कशासाठी आला, ते आधी पाहू.

वाशीमवरून जाणाऱ्या अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी डोळ्यांसमोर आणा. चालकाला अचानक भोवळ आली तर? विजेच्या गाड्यांमध्ये यावर एक जुना उपाय आहे. चालकाने मूठ दाबून धरायची. हात सुटला की ब्रेक लागतात. मुंबईच्या लोकलगाड्यांत अशी मूठ असते. पण बेशुद्ध माणसाचे वजन मुठीवर तसेच राहिले तर? म्हणून रेल्वेच्या इंजिनांत आणखी एक सोय आली. साधारण 60 सेकंदांत चालकाने काहीच हालचाल केली नाही, तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतात. नुसते दाबून धरणे पुरत नाही, पुन्हा पुन्हा ‘मी जागा आहे’ असे सांगावे लागते.

संगणकातला वॉचडॉग हेच करतो. तो उलटी मोजणी करत असतो. चालू प्रोग्रामने शून्याच्या आत ती पुन्हा भरायची; न भरल्यास संगणक नव्याने सुरू केला जातो.

4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्याचा संगणक अधूनमधून स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही की तशी व्यवस्थाच होती. कमी महत्त्वाच्या, हवामानाच्या कामाने एक सामायिक साधन अडवून धरले होते. शास्त्रज्ञांनी ही देखरेख बंद केली नाही. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत तोच बिघड घडवून मूळ कारण शोधले आणि दुरुस्ती यानाला पाठवली.

1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी आयपीएमआय हे मानक जाहीर केले. त्यानुसार सर्व्हरच्या बोर्डावर एक स्वतंत्र छोटा नियंत्रक असतो. मुख्य संगणक गोठला तरी हा जागा असतो, वॉचडॉग सांभाळतो आणि घटनांची नोंद ठेवतो. दूरच्या गावातला तंत्रज्ञ ती नोंद वाचू शकतो.

आता आमच्या सर्व्हरकडे वळू. नोंदीत आणखी एक गोष्ट असते : मोजणी कोणत्या टप्प्यासाठी लावली होती, सुरुवातीच्या तपासणीसाठी, कार्यप्रणाली चढवण्यासाठी की रोजच्या कामासाठी? इथे ती सुरुवातीच्या तपासणीची निघाली. थोड्याच दिवसांपूर्वी सर्व्हरची मेमरी वाढवली होती. तपासणीला आता जास्त वेळ लागत होता. मुदत मात्र जुनीच होती. मुदत वाढवली आणि सर्व्हर सुरळीत चालू लागला. कुत्रा बंद केला असता तरी तो चालला असता, पण पुढे खरोखर गोठल्यावर भुंकणारे कुणी उरले नसते.

वर्गात मुलांना एवढे जरूर विचारावे : यंत्र पुन्हा सुरू झाले, म्हणजे ते दुरुस्त झाले का?