हात कुणाचा वर होता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी उभे राहिले, की एका बाजूने भाजलेल्या कणसांचा वास येतो आणि समोर पुणेकरांचे पिण्याचे पाणी पसरलेले दिसते. कर्नल फाइफ या ब्रिटिश अभियंत्याने आराखडा केलेले हे धरण 1879च्या सुमारास पुरे झाले. जुन्या कागदपत्रांत या जलाशयाचे नाव 'लेक फाइफ' असेच आढळते. 1961च्या पानशेत प्रलयात ते फुटले आणि पुन्हा उभे राहिले. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून या साखळीत सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. शहराची तहान त्यावर भागते, दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही तेच पाणी जाते.

या पाण्याचे आणि भोवतालच्या डोंगरांचे काय करायचे, हे विधानसभेत, संसदेत, महापालिकेत ठरते. पण ठरते त्या क्षणी आपण निवडून दिलेला माणूस कोणत्या बाजूला होता, हे आपल्याला कळते का? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याची सुरुवात आपल्या पुण्यातूनच करू. खडकवासल्याच्या कामाला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांत महात्मा जोतीराव फुले होते. मजुरांचे हाल आणि अधिकाऱ्यांची हातचलाखी त्यांनी अशा कामांवर जवळून पाहिली. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालावेत, असा आग्रह त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये धरला, त्यामागे हा अनुभवही असणार. 1876पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीसाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. 32 सदस्यांत ठरावाला मत न देणारे ते एकटेच होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ठराव मंजूर झाला. तरी जवळजवळ दीडशे वर्षांनी आपण ते एक मत सांगू शकतो, कारण मताशेजारी नाव राहिले. बाकीचे एकतीस कोण होते, हे कुणी विचारत नाही.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. 1970च्या एप्रिलमध्ये तिथे पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्याच वर्षी 'एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन' या तरुणांच्या संघटनेने पर्यावरणाच्या प्रश्नांवर वाईट कामगिरी असलेल्या बारा प्रतिनिधींची यादी काढली आणि तिला नाव दिले 'डर्टी डझन'. त्यांतले सात त्या वर्षीच्या निवडणुकांत पडले. 1970मध्येच 'लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स' ही संस्था निघाली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्याचे प्रगतिपुस्तक ती काढू लागली. पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या पर्यावरण संस्थांतले जाणकार वर्षभरातली महत्त्वाची मतदाने निवडतात. प्रत्येक सदस्याने किती वेळा पर्यावरणाच्या बाजूने मत दिले, ते मोजून शंभरपैकी गुण देतात. मतदानाला गैरहजर राहिले, तर ते मत विरोधी धरले जाते. म्हणजे ऐन वेळी सभागृहाबाहेर चहा प्यायला गेलेल्यालाही सूट नाही.

पण हे प्रगतिपुस्तक शक्य झाले, त्यामागे एक फारशी चर्चा न झालेली सुधारणा आहे. तोवर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दुरुस्त्यांवरची कितीतरी मते नुसती डोकी मोजून घेतली जात. नावे नोंदली जात नसत. 1970मध्ये कायदा झाला आणि 1971पासून अशा मतदानातही नावे नोंदवून घेता येऊ लागली. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाला सरकारी पैसा द्यावा की नाही, हा वाद तेव्हा गाजत होता. त्या विमानाच्या गडगडाटाला आणि धुराला पर्यावरणवाद्यांचा विरोध होता. 1970मध्ये नावांशिवाय झालेल्या मतदानात पैसा वाचला. मार्च 1971मध्ये नावानिशी मतदान झाले आणि तो पैसा नाकारला गेला. मताला नाव चिकटले, की माणूस थोडा जास्त विचार करतो, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे असे प्रगतिपुस्तक का निघत नाही? इथे संस्था आहेत, तळमळीची माणसेही आहेत. अडचण वेगळी आहे. आपल्या सभागृहांत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. बाकांवरून एक मोठा आवाज उठतो आणि विधेयक संमत होते. त्या आवाजात कोण होते, हे कागदावर उतरत नाही. 2023मध्ये वनसंवर्धन कायद्यातली मोठी दुरुस्ती लोकसभेत जुलैत आणि राज्यसभेत ऑगस्टमध्ये अशीच आवाजी मतदानाने संमत झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत आले. ती घटनादुरुस्ती होती, म्हणून मते मोजावीच लागली. बाजूने 454, विरोधात 2. तिथे हिशेब आहे, जंगलाच्या बाबतीत तो नाही.

दुसरी अडचण पक्षादेशाची. 1985च्या पक्षांतरबंदी कायद्याने आयाराम-गयारामांना चाप लावायचा होता. पण त्यामुळे पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. महाराष्ट्रात 1986च्या कायद्याने हाच नियम नगरसेवकांपर्यंत आला. अमेरिकेतल्यासारखे गुण उद्या इथे दिले, तर ते बहुतांशी माणसाचे नसतील, पक्षाचेच असतील.

म्हणून आपल्या संस्थांनी दुसरी वाट धरली. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स'च्या याचिकेतून 2002मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व गुन्हे शपथपत्रावर आले. मुंबईत 'प्रजा फाउंडेशन' आमदारांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न मोजते. पुण्यात 'परिवर्तन' या संस्थेने नगरसेवकांची अशीच प्रगतिपुस्तके काढली. माहितीच्या अधिकाराशिवाय हे झाले नसते. या कामाचे मोल मोठे आहे. पण हजेरीपटावरून मुलगा शाळेत आला होता एवढेच कळते, त्याने पेपरात काय लिहिले ते नाही.

गुण देण्यातही धोके आहेत, हे मान्य केले पाहिजे. कोणती मते मोजायची, हे गुण देणारेच ठरवतात. खडकवासल्याचेच पाहा. दौंडच्या आमदाराने कालव्यासाठी जास्त पाणी मागितले, पुण्याच्या आमदाराने ते अडवले. यात पर्यावरणाचा मित्र कोण? एका आकड्यात हे मावत नाही. पण गुण देण्याबद्दल वाद घालायलाही आधी नोंद हवी.

नोंद नसली की काय होते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. 1997मध्ये शहरात आलेल्या गावांच्या डोंगरांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण असावे, म्हणून नागरिक कित्येक वर्षे झगडले. सुमारे 978 हेक्टरचा तो प्रश्न होता. राज्य सरकारने 2015मध्ये आरक्षणाला मान्यता दिली. या साऱ्या प्रवासात डोंगर राखायला कोणाचा हात वर होता आणि कोणाचा बांधकामासाठी, हे आज किती पुणेकरांना नावानिशी सांगता येईल?

खडकवासला गावाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जून 2021मध्ये ते महापालिकेत आले. मार्च 2022मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. सांडपाणी, रस्ते, धरणाकाठची बांधकामे यांचे निर्णय होत राहिले, पण हात वर करायला तिथे नगरसेवकच नव्हता. प्रगतिपुस्तक काढायचे कुणाचे?

म्हणून मागणी साधी असावी. पाणी, नदी, डोंगर आणि झाडे यांचा विषय आला, की आपल्या प्रतिनिधीने नावानिशी मतदानाचा आग्रह धरावा. सदस्यांनी मागणी केली, तर तसे मतदान घेण्याची सोय सभागृहांच्या नियमांत आहे. ठरावाचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागवणे आपल्या हातात आहे. प्रत्येक प्रभागात दोन-चार माणसांनी एक वही घातली, तरी पुष्कळ होईल. मत मागायला उमेदवार दारात येईल, तेव्हा ती वही पुढे करावी आणि शांतपणे विचारावे, "साहेब, त्या दिवशी तुमचा हात कुठे होता?"